गाडीचे दस्तक आणि माणसाचे दस्तक

पेशवाईच्या काळातले कागद चाळू लागले की 'दस्तक' हा शब्द वारंवार भेटतो. आज दस्तक म्हटले म्हणजे दारावरची टकटक आठवते, आणि तीही हिंदीच्या वळणाने. पण त्या काळच्या माणसाला हा शब्द ऐकून आठवायची ती वाटेवरची चौकी. पुण्याहून काशीला किंवा नागपुराकडे निघालेल्या असामीला सरकारातून एक चिठ्ठी मिळे. अमुक असामी अमुक ठिकाणी जात आहेत, बरोबर माणसे इतकी, घोडी इतकी, बैल इतके, तरी वाटेतील चौकीपहाऱ्याच्या लोकांनी मुजाहीम न होणे, म्हणजे अडथळा न करता जाऊ देणे. मजकुराचा साचा साधारण हाच. यातली गंमत अशी की, बैल मोजलेले असत, माणसेही मोजलेली असत. पण माणसाचे नाक कसे, कपाळ केवढे, जन्म कोणत्या साली, याचा त्यात पत्ता नसे. चौकीदाराचे लक्ष मुख्यतः बैलाच्या पाठीकडे. तिथे काय लादले आहे आणि त्याची जकात भरली की माफ झाली, एवढे कळले म्हणजे त्याचे काम झाले.

हे जुने प्रकरण उकरून काढण्याचे कारण आहे. आज स्वतःच्या मोटारीत बसून एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्या देशाच्या हद्दीत जायचे म्हणजे कागदांचे एक पुडके जवळ बाळगावे लागते: पारपत्र, व्हिसा, चालक-परवाना, गाडीची नोंदणी, विमा आणि काही देशांत आणखीही बरेच काही. या पुडक्याचा इतिहास शोधू गेले, तर तो त्या बैलाच्या पाठीपाशीच सुरू होतो. सरहद्दीवर ओळख प्रथम मागितली गेली ती गाडीची. माणसाची पाळी मागून आली. आणि पुढे पारडे असे काही फिरले की, गाडी सुटली आणि माणूस अडकला. ते पारडे कसे फिरले, त्याची ही हकीकत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पासपोर्ट ही चीज जवळजवळ अडगळीत पडली होती, हे आज सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. आगगाड्या आल्या, माणसांचे लोंढे वाहू लागले आणि एकेकाचा कागद तपासत बसणे पोलिसांनाच झेपेना. फ्रान्सने १८६० च्या सुमारास हा जाच सैल केला, इतरांनीही तोच कित्ता गिरवला. रशिया आणि तुर्कस्तान हे दोन अपवाद. तिथे पासपोर्टावाचून पाऊल टाकता येत नसे, आणि म्हणून बाकीचा युरोप त्यांना मागासलेले समजे. इंग्रज गृहस्थ लंडनहून निघून पॅरिस, मिलान, व्हिएन्ना करून घरी परत येई, पण आपण कोण हे त्याला कोणी विचारत नसे. ज्याच्या खिशात पैसे तो सभ्य, एवढी ओळख पुरेशी होती. (ज्याच्या खिशात पैसे नसत, त्याची गोष्ट अर्थातच निराळी. पण तो काही मोटारीने प्रवास करीत नव्हता.)

मोटार मात्र अशी सुटली नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने मोटार म्हणजे वाहन नव्हे, माल! आणि माल भारी किमतीचा. शौकीन फ्रेंच गृहस्थ आपली गाडी घेऊन इटलीच्या नाक्यावर आला, तर जकातदाराच्या मनात पहिली शंका ही की, हा सहलीला निघाला आहे की गाडी विकायला? म्हणून गाडीची जी काही जकात होईल ती रक्कम तिथल्या तिथे अनामत ठेवा, परत जाताना घेऊन जा. आता परत जाताना प्रवासी दुसऱ्याच नाक्याने जाणार; तिथल्या अधिकाऱ्याला पहिल्या नाक्याची पावती मान्य होईलच असे नाही; आणि रोकड तरी रोज कोण एवढी बाळगणार? या कटकटीतून वाट काढली ती सरकारांनी नव्हे, हौशी लोकांच्या क्लबांनी. फ्रान्सचा टूरिंग क्लब १८९० चा. तो मुळात सायकलवाल्यांचा. फ्रान्सचा ऑटोमोबाइल क्लब १८९५ चा. असे क्लब जकात खात्याला हमी देऊ लागले की, आमच्या सभासदाने गाडी परत नेली नाही तर जकात आम्ही भरू. या हमीचा जो कागद निघाला त्याचे नाव 'त्रिप्तिक', म्हणजे तीन पानांचा. एक पान आत शिरताना नाक्यावर द्यायचे, दुसरे बाहेर पडताना द्यायचे, तिसऱ्यावर शिक्के मारून घेऊन ते घरी आणायचे. पुढे अनेक देशांसाठी एकच वही निघाली, ती 'कार्ने'. हा कार्ने आजही जिवंत आहे. पाच, दहा किंवा पंचवीस पानांचा मिळतो, आणि त्याची कल्पना सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. गाडीच्या या पासपोर्टात चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, रंग, आसने किती, हे सगळे लिहिलेले असते. ब्रिटिश पासपोर्टात नाकाचे आणि कपाळाचे वर्णन येऊ लागले त्याच्या आधीच गाडीच्या कागदात तिचे असे अंगप्रत्यंग नोंदले जाऊ लागले होते.

गाडी आणि माणूस दोघांनाही एकदम कागद मागितला गेल्याचा एक मासलेवाईक प्रसंग १९०७ सालचा आहे. पॅरिसच्या एका वृत्तपत्राने आव्हान दिले की, पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीने येऊन दाखवा. पाच गाड्या पेकिंगात जमल्या. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेसे आपली 'इताला' घेऊन आला आणि त्याच्याबरोबर लुइजी बार्झिनी नावाचा वार्ताहर. मंगोलियाचे वाळवंट, सैबेरियाचा चिखल, या सगळ्याची तयारी करून आलेले हे लोक अडले कुठे, तर पेकिंगच्या परराष्ट्र खात्याच्या दारात. ही घोड्यावाचून पळणारी यंत्रे मंगोलियातून कशासाठी न्यायची आहेत, यामागे यांचा डाव काय, असा चिनी अधिकाऱ्यांना संशय आला आणि परवाने रखडले. मला तर त्या अधिकाऱ्यांचे फारसे चुकले असे वाटत नाही. परकी सैन्ये पेकिंगात घुसून जेमतेम सात वर्षे झाली होती. अशा वेळी युरोपातले लोक केवळ शर्यत म्हणून आपल्या देशातून धूळ उडवीत जाणार, हे कोणाला खरे वाटावे? अखेर १० जून १९०७ रोजी गाड्या निघाल्या. पेकिंगच्या उत्तरेच्या डोंगरांत त्या माणसांनी आणि खेचरांनी दोरखंडांनी ओढल्या, एका लाकडी पुलातून बोर्गेसेची गाडी खाली कोसळली, आणि १० ऑगस्टला तो पॅरिसला पोहोचला. बाकीच्या तीन गाड्या पोहोचल्या त्या जवळजवळ तीन आठवड्यांनी. पाचवी तीनचाकी बिचारी गोबीच्या वाळवंटातच राहिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९०९ रोजी, पॅरिसला मोटारींच्या रहदारीविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. हा करार वाचायला मोठा मौजेचा आहे. गाडीला भोंगा हवा, पण तो खर्जातला हवा. चालकाचे वय निदान १८ वर्षे हवे. रस्त्यावर धोक्याच्या खुणा चारच: उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. आणि गाडीच्या पाठीमागे एक लंबगोल पाटी हवी, ३० सेंटिमीटर रुंद, १८ उंच, पांढऱ्यावर काळी अक्षरे, देशाचे नाव सांगणारी. इंग्लंडच्या गाडीला 'जीबी', फ्रान्सच्या गाडीला 'एफ'. आपल्या देशाला पुढे 'बीआय', म्हणजे ब्रिटिश इंडिया, अशी अक्षरे मिळाली आणि १९४७ नंतर 'आयएनडी'. याच कराराने एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही निघाले, एक वर्षाच्या मुदतीचे; त्यात गाडीचीही ओळख आणि चालवणाऱ्याचीही. दोघे एकाच कागदावर, गाडी अग्रभागी आणि माणूस तिच्या मागे, जणू काही तो तिचा मोतद्दार.

मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला. महायुद्धाने जे अनेक उत्पात केले त्यांतला एक अगदी बारकासा, पण अजून न संपलेला, म्हणजे पासपोर्ट. हेर ओळखायचे होते, सैन्यातून पळणारे पकडायचे होते, शत्रूच्या प्रजेला वेगळे काढायचे होते. 'तात्पुरती गरज' म्हणून प्रत्येक सरकारने प्रत्येक प्रवाशाला कागद मागायला सुरुवात केली. १९१५ च्या ब्रिटिश पासपोर्टात फोटो आला, आणि त्याच्या जोडीला कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, वर्ण यांचे रकाने आले. सुरुवातीला फोटो कसलाही चाले. टोपी घातलेला, बागेत बसलेला, सहकुटुंब काढलेला. बायकोला स्वतंत्र कागदाची जरुरीच नसे, नवऱ्याच्या पासपोर्टात 'सपत्नीक' एवढी नोंद पुरे. दस्तकातल्या 'माणसे इतकी' या मोजणीतून ती अजून पुरती बाहेर आली नव्हती!

युद्ध १९१८ मध्ये संपले. तात्पुरती गरज संपली नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. पासपोर्ट एकदम रद्द करणे आज शक्य नाही, पण जाच तरी कमी करू, असा तिथला सूर. त्या परिषदेने पासपोर्टाचा साचा ठरवला: ३२ पानांची वही, १५.५ सेंटिमीटर लांब, १०.५ रुंद. त्याच वर्षी आपल्याकडे दिल्लीच्या सरकारने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांसाठी पासपोर्टाचा कायदा केला. पुढे १९२६ च्या मे महिन्यात जिनिव्हाला पासपोर्टाविषयी दुसरी परिषद भरली. परिषदा भरत राहिल्या आणि पासपोर्ट राहिला.

या १९२६ सालाकडे मी जरा थांबून पाहतो. कारण त्याच वर्षी, २४ एप्रिलला, पॅरिसला मोटारींचा नवा करार झाला आणि त्यात १९०९ च्या त्या एका कागदाचे दोन तुकडे पडले. गाडीचे प्रमाणपत्र निराळे, चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना निराळा. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचेच होते. परदेशात जाऊन भाड्याची गाडी चालवायची असेल तर स्वतःच्या गाडीचा कागद काय कामाचा? १९४९ च्या जिनिव्हा कराराने हाच परवाना पुढे चालवला. तो आज आपल्या आरटीओतही मिळतो, एक वर्षाच्या मुदतीने. पण तो पासपोर्ट नव्हे, हे पुष्कळांना उशिरा कळते. त्याने एवढेच सिद्ध होते की, या माणसाला गाडी चालवता येते. हा माणूस कोण आहे आणि याला आत घ्यावे की नाही, याविषयी तो कागद काहीच बोलत नाही. सरहद्दीवर खरा प्रश्न उरला तो हाच.

हा प्रश्न आपल्या देशात किती क्रूर रूपाने आला, ते पाहायचे तर लाहोर-अमृतसरच्या रस्त्यावर जायला हवे. दोन शहरांत अंतर पन्नासेक किलोमीटर, रस्ता शेरशहाच्या नावाने ओळखला जाणारा, मोटारीने तासाभराचा. १७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली आणि या रस्त्याला मधेच फाटक आले. अलीकडे अटारी, पलीकडे वाघा. पण सरहद्द झाली म्हणून लगेच पासपोर्ट झाला असे नाही. जवळजवळ वर्षभर, जिवाची शाश्वती नसली तरी कागदाची जरुरी नव्हती. १९ जुलै १९४८ पासून भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे केले, ऑक्टोबरात पाकिस्तानने तेच केले. परमिटांचे प्रकार तरी किती! तात्पुरत्या भेटीचे, वारंवार ये-जा करण्याचे, कायम परतून राहण्याचे. दंगलीच्या भीतीने चार महिने नातेवाइकांकडे लाहोरला गेलेला दिल्लीचा मनुष्य परत येऊ लागला, तर त्याला आपण कोणत्या प्रकारात मोडतो ते सांगावे लागे. आणि चुकीच्या प्रकारचे परमिट हाती आले की त्याचे घर त्याचे राहत नसे. बंगालच्या बाजूला हे परमिटही नव्हते. तिथे १५ ऑक्टोबर १९५२ पर्यंत माणसे नुसती येत-जात राहिली. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला, आणि तो पासपोर्टही खास: फक्त भारत आणि पाकिस्तान यांच्यापुरता चालणारा, जगात दुसरीकडे कुठेही न चालणारा.

याच फाटकाची एक गोड आठवणही आहे, आणि दिवाळीच्या अंकात ती सांगितलीच पाहिजे. १९५५ च्या जानेवारीअखेर विनू मंकडच्या नेतृत्वाखाली आपला संघ लाहोरला कसोटी खेळत होता. त्या सामन्यापुरते सरहद्दीचे नियम सैल झाले आणि अमृतसरच्या बाजूने हजारो माणसे रोज सकाळी वाघा ओलांडून खेळ पाहायला गेली आणि संध्याकाळी घरी परतली. साडेसात वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने जीव घेऊन पळाले, त्याच रस्त्याने ही माणसे क्रिकेट पाहायला गेली! कसोटी अनिर्णित राहिली. त्या दौऱ्यातल्या पाचही राहिल्या. पण लाहोरात त्या चार दिवसांत धावा किती झाल्या हे कोणाच्या फारसे ध्यानी राहिलेले दिसत नाही, फाटक उघडले होते हे मात्र राहिले आहे. अलीकडे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने अटारीची चौकी बंद केली, आणि त्या वेळी पारपत्राचे दोन रंग असलेली कित्येक कुटुंबे फाटकाशी ताटातूट होताना लोकांनी पाहिली.

आपल्या मराठी मुलखाला आंतरराष्ट्रीय सरहद्द लागून होती, ती गोव्याची. सावंतवाडीकडून बांदा ओलांडले की पत्रादेवी, कारवारकडून माजाळी ओलांडले की पोळे. आणि आगगाडीने गेले तर कॅसल रॉकला इकडची तपासणी, कुळ्याला पोर्तुगीजांची. एक लहानसा तपशील मोटारवाल्यांना आवडेल. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली, पण शेजारी डाव्या बाजूने चालणारा असल्यामुळे गोव्याला त्यातून वगळले. म्हणजे लिस्बनचा हुकूम होता, पण मांडवीकाठची मोटार बांद्याच्या मोटारीसारखीच डावीकडून धावत होती. भूगोलाने राज्यकर्त्यावर मिळवलेले हे विजय मला फार आवडतात.

मुंबईच्या धोबीतलावावर कुडांतून राहणारा गोंयकार, बोटीवरचा खलाशी असो की गिरगावातल्या एखाद्या घरचा आचारी असो, मे महिन्यात किंवा नाताळात गावी जाई. १९५४ साली भारत सरकारने गोव्याशी होणाऱ्या ये-जावर निर्बंध घातले आणि गावी जाणे ही एकदम परदेशयात्रा झाली. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन हद्दीत शिरले. त्यांच्याजवळ परवाना नव्हता, आणि नव्हता हेच त्यांचे म्हणणे होते: आपल्याच भूमीत शिरायला कागद कसला? पोर्तुगीजांनी त्याचे उत्तर लाठ्यांनी आणि तुरुंगाने दिले, आणि १५ ऑगस्टला गोळ्यांनी. पत्रादेवीला आज त्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. मग आगगाडी बंद, वकिलात बंद. आणि बांद्याचा जावई पेडण्याला असेल तर मधे दोन देश. १९ डिसेंबर १९६१ रोजी हे सारे संपले.

संपले म्हणतो, पण कागद इतक्या सहज मरत नाही. त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालच्या दफ्तरात आपला जन्म नोंदवून तिथले नागरिकत्व घेता येते, आणि पुष्कळांनी घेतले आहे. भारतीय नागरिकत्व त्यासाठी सोडावे लागते. आपल्या १९५५ च्या कायद्यात दोन्ही डगरींवर पाय ठेवायची सोय नाही. आणि पोर्तुगाल हा शेंगेन करारातला देश. १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीवर, जिथे लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या हद्दी भिडतात तिथे, एका बोटीवर या करारावर सह्या झाल्या. त्यातले एक कलम खास मोटारींसाठी होते. गाडीच्या पुढच्या काचेवर निदान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावायची. 'माझ्याजवळ कागद आहेत, चोरटा माल नाही' हे तुम्हीच त्या चकतीने सांगायचे आणि नाक्यावरून गाडी हळू हाकत पुढे जायचे. शिपायाने विश्वास ठेवायचा! १९९५ च्या मार्चपासून सात देशांत तपासणीच उठली. पोर्तुगाल त्या सातांत होता. तेव्हा बांद्याच्या नाक्यावर परवान्यासाठी तिष्ठलेल्या आजोबांचा नातू आज लिस्बनहून गाडी काढून बर्लिनपर्यंत जाऊ शकतो. २०१५ नंतर मधूनमधून या ना त्या देशाने तपासणी पुन्हा सुरू केली आहे, जर्मनीने तर २०२४ पासून सगळ्याच हद्दींवर. पण तो नातू थांबलाच तर मिनिटभर थांबतो. काडीमोड मात्र त्याला एका देशाशी घ्यावा लागला आहे.

पारपत्र हा आपला हक्क की सरकारची मेहेरबानी, हा वाद आपल्याकडे १९६७ साली निकालात निघाला, आणि तोही एका मोटारवाल्यामुळे. सतवंतसिंग सहानी हे मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी. सरकारने त्यांना पासपोर्ट परत करा म्हणून फर्मावले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पासपोर्ट कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये, याचा तोवर आपल्याकडे कायदाच नव्हता, सगळी सरकारची मर्जी! परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही, असा निर्णय सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह तिघांनी दिला. दोघे विरुद्ध होते. एका मताचा फरक. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टाचा कायदा झाला.

मग गाडीचे काय झाले? युरोप-अमेरिकेत ती सुटली, पण आशियात तिचे दस्तक अजून तपासले जाते. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला एक बस निघाली, वीस उतारू घेऊन. १५ एप्रिलला निघाली आणि ५ जूनला पोहोचली. त्यानंतर वीसेक वर्षे तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान या वाटेने हौशी लोकांची रीघ लागली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, तेव्हा ती वाट मोडली. या वाटेवर कार्नेवाचून चालत नसे, आणि आजही आपली गाडी घेऊन मुंबईहून लंडनला निघणाऱ्याला तो लागतो. त्यासाठी मोठ्या रकमेची हमी द्यावी लागते. मुंबईत १९१९ पासून असलेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेकडून तो घ्यायचा. काही देशांत तर गाडीची नोंद प्रवाशाच्या पासपोर्टातच करीत. तुर्कस्तानची ही रीत प्रसिद्ध होती. गाडी आत आणलीत ना? मग गाडी घेऊनच बाहेर पडा. ती दरीत कोसळून तिचा चक्काचूर झाला असला, तरी त्याचा दाखला आणल्यावाचून माणसाची सुटका नाही.

जुन्या दस्तकाची रीत जशीच्या तशी पाहायची असेल तर नेपाळला जावे. १९५० च्या तहामुळे भारतीय माणसाला तिथे पारपत्र लागत नाही. आपण भारतीय आहोत एवढे दाखवणारा फोटोचा दाखला जवळ असला म्हणजे झाले. गाडीला मात्र सोनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावर 'भन्सार' काढावा लागतो, म्हणजे जकातीची चिठ्ठी, दिवसाच्या हिशेबाने पैसे मोजून. माणूस मोकळा आणि गाडीला दोरी. पेशव्यांचा चौकीदार आज अवतरला तर त्याला या एकाच नाक्यावर नोकरी करता येईल.

याच्या नेमके उलटे टोक अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर. जगातली ही सर्वांत लांब सरहद्द. कित्येक वर्षे तिथे नागरिकाने गाडीची काच खाली करून 'मी अमेरिकन' एवढे तोंडाने सांगितले की भागत असे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वारे फिरले, आणि ३१ जानेवारी २००८ पासून तोंडचा शब्द बंद झाला. आता पासपोर्ट हवा, किंवा पासपोर्टाचे कार्ड, किंवा काही राज्यांत मिळणारा खास चालक-परवाना. या परवान्यातली चकती दुरूनच यंत्राला वाचता येते. म्हणजे १९२६ मध्ये जो परवाना 'मी काही बोलणार नाही' म्हणाला होता, तोच इथे माणसाचा साक्षीदार होऊन बसला.

न्यू जर्सीच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात नायगाऱ्याला गाड्या निघतात. इथून आईवडील गेलेले असतात, त्यांना धबधबा दाखवायचा असतो. डब्यात पुऱ्या, थर्मासात चहा, मागच्या आसनावर आजी, आजोबा आणि नातवंड. धबधबा दोन्ही देशांत वाटलेला. पण नालेच्या आकाराचा जो मोठा, तो समोरून दिसतो कॅनडाच्या काठावरून. मधे 'रेनबो ब्रिज', १९४१ सालचा. गाडी पुलाशी आली की एकाच कुटुंबाच्या तीन जाती पडतात. नातवंड तिथेच जन्मलेले, त्याला जन्माचा दाखला दाखवला तरी पुरे. मुलगा आणि सून यांच्याजवळ ग्रीन कार्ड असेल तर तेही आपापल्या भारतीय पारपत्रासह जाऊ शकतात. आजी-आजोबांच्या पारपत्रावर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो. कॅनडाचा नसतो, कारण तो निराळा काढावा लागतो हे मुंबईहून निघताना कोणी सांगितलेले नसते. आणि ती गाडी? तिच्या पाटीचा फोटो कॅमेरा आपोआप टिपतो. तिला कोणी काही विचारत नाही.

मग बहुधा असे होते. आजी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्हाला इथूनही छान दिसतंय." आजोबा कठड्याशी बाकावर बसतात, थर्मास उघडतात. मुलगा गाडी वळवून पुलावर घालतो. पाचेक मिनिटांनी पलीकडच्या काठावर, तुषारांच्या धुक्यातून, मुंगीएवढी माणसे दिसू लागतात आणि त्यांतली आपली कोणती, हे आजी डोळ्यांवर हात धरून शोधत राहतात.